'द एक्झॉर्सिस्ट'ची कॉपी म्हणून थिएटरांतून उतरवलेला 'ॲबी': ब्लॅक्सप्लॉयटेशन भूतपटांची गोष्ट

१९७४ चं वर्ष संपता संपता अमेरिकेत एक भूतपट रिलीज झाला. नाव होतं 'ॲबी'. गोष्ट एका कृष्णवर्णीय जोडप्याची. नवरा चर्चमध्ये पाद्री, बायको विवाह समुपदेशक. दोघं नुकतीच नव्या घरात राहायला आलेली. आणि एक दिवस बायकोच्या तोंडून घोगरा, पुरुषी आवाज येऊ लागतो.

बजेट अगदी कमी, स्टारकास्ट बेताची, स्पेशल इफेक्ट्स तर आज बघितले तर हसू येईल असे. तरीही थिएटरबाहेर रांगा लागल्या. पहिल्या काही आठवड्यांतच सिनेमाने सुमारे ४० लाख डॉलर कमावल्याचं सांगितलं जातं. आणि मग अचानक तो थिएटरांतून उतरवण्यात आला. नंतर कित्येक वर्षं तो कुठे बघायलाच मिळत नव्हता.

कारण? वॉर्नर ब्रदर्स या बड्या स्टुडिओने कोर्टात धाव घेतली होती. त्यांचं म्हणणं होतं की 'ॲबी' ही आमच्या 'द एक्झॉर्सिस्ट'ची उचलेगिरी आहे.

आता ती उचलेगिरी होती का? बऱ्यापैकी होती. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. कॉपी म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला त्या सिनेमात कॉपी नसलेल्या गोष्टीही होत्या, आणि आज लोक त्या गोष्टींसाठीच तो शोधून बघतात. हा सगळा प्रकार नेमका काय होता, ते समजून घेऊ.

आधी हे 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हणजे काय?

'ब्लॅक' आणि 'एक्सप्लॉयटेशन' या दोन शब्दांची ही जोडगोळी. कमी पैशात, झटपट बनवलेले, मारधाड, गुन्हेगारी, सेक्स असा मसाला असलेले सिनेमे म्हणजे एक्सप्लॉयटेशन सिनेमे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असे सिनेमे खास कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी बनू लागले. हिरो कृष्णवर्णीय, वस्ती त्यांची, संगीत त्यांचं.

सुरुवात साधारण १९७१ पासून मानतात. मेल्विन व्हॅन पीबल्सचा 'स्वीट स्वीटबॅक' आणि गॉर्डन पार्क्सचा 'शाफ्ट' हे दोन्ही त्याच वर्षीचे. पुढच्या वर्षी 'सुपर फ्लाय' आला. हे सिनेमे जोरात चालले आणि हॉलिवूडचे डोळे उघडले. त्या काळात मोठे स्टुडिओ आर्थिक अडचणीत होते. गोरे मध्यमवर्गीय लोक शहरं सोडून उपनगरांत गेले होते आणि शहराच्या मध्यभागातल्या मोठमोठ्या थिएटरांना प्रेक्षक हवा होता. तो प्रेक्षक तिथेच राहत होता. त्याच्यासाठी कुणी सिनेमे बनवत नव्हतं, एवढंच.

पण 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' हा शब्द कौतुकाचा नव्हता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना म्हणजे एनएएसीपी. तिच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ मध्ये हा शब्द वापरात आणला. गुंड, दलाल आणि ड्रग्ज विकणारे हेच आमच्या मुलांचे हिरो होणार का, हा त्यांचा आक्षेप होता. दुसरीकडे अनेक कृष्णवर्णीय कलाकारांचं म्हणणं होतं की निदान आम्हाला काम तरी मिळतंय, आणि तेही नोकराच्या नाही तर मुख्य भूमिकेत. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

मग भुतं कुठून आली?

१९७२ मध्ये अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स म्हणजे एआयपी या कंपनीने 'ब्लॅक्युला' काढला. नावावरूनच कळतं, कृष्णवर्णीय ड्रॅक्युला. सिनेमा हिट झाला आणि रांगच लागली. 'स्क्रीम ब्लॅक्युला स्क्रीम', 'ब्लॅकन्स्टाईन', 'शुगर हिल' असे सिनेमे धडाधड आले. सूत्र सोपं होतं: प्रेक्षकांना माहीत असलेलं भूत घ्यायचं आणि कलाकार बदलायचे.

अशातच २६ डिसेंबर १९७३ रोजी 'द एक्झॉर्सिस्ट' रिलीज झाला आणि सगळं जग हादरलं. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन, कथा विल्यम पीटर ब्लॅटीच्या कादंबरीवर आधारलेली. वॉशिंग्टनमधल्या उच्चभ्रू वस्तीत अभिनेत्री आई आणि तिची बारा वर्षांची मुलगी राहत असते. मुलीला सैतान झपाटतो आणि दोन पाद्री तो उतरवायला येतात. या सिनेमाला १० ऑस्कर नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत उतरलेला तो पहिला भयपट मानला जातो.

एवढा मोठा हिट आला म्हणजे मागोमाग नकला येणारच. १९७४ मध्ये तुर्कस्तानात 'शेतान' आला, इटालियन निर्मात्यांनी 'बियाँड द डोअर' काढला. ही लाट आपल्याकडेही पोहोचली. १९७७ मध्ये हिंदीत 'जादू टोना' आला आणि १९८० मध्ये विकास देसाई-अरुणा राजे यांचा 'गहराई' आला. त्याच्या लेखनात विजय तेंडुलकर होते, वडिलांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि झपाटलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. पण अमेरिकेतच, वॉर्नरच्या नाकाखाली, सर्वात मोठा धमाका केला तो 'ॲबी'ने.

'ॲबी'ची गोष्ट काय आहे?

बिशप गार्नेट विल्यम्स हे धर्मगुरू आणि अभ्यासक. नायजेरियात संशोधन करताना त्यांना एका गुहेत कोरीव काम केलेली एक पेटी सापडते. तिच्यावर एशू या योरुबा दैवताच्या खुणा असतात. ते पेटी उघडतात, वादळ सुटतं आणि आत कोंडलेली शक्ती मोकळी होते.

ही शक्ती समुद्र ओलांडून थेट अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात पोहोचते. तिथे बिशपचा मुलगा एमेट पाद्री आहे आणि ॲबी ही त्याची बायको. सगळ्यांची लाडकी, चर्चमध्ये गाणारी, लोकांचे संसार सावरणारी. एके दिवशी स्वयंपाकघरात काम करता करता ती सुरीने स्वतःचाच हात कापून घेते. मग सल्ला घ्यायला आलेल्या जोडप्यासमोर अश्लील बोलू लागते. घरी भेटायला आलेली चर्चची ऑर्गनवादक बाई तिचं ते रूप बघून घाबरून जीव सोडते. डॉक्टरांना काही सापडत नाही. ॲबी हॉस्पिटलमधून पळून जाते आणि रात्री बारमध्ये फिरू लागते. तिच्या नादी लागलेल्या पुरुषांचे जीव जाऊ लागतात.

शेवटी नायजेरियाहून परतलेले सासरे, नवरा आणि पोलिसात असलेला भाऊ असे तिघं तिला एका बारमध्ये गाठतात. सैतान उतरवण्याचा सगळा विधी तिथेच होतो. ना शयनगृह, ना मेणबत्त्या. दारूच्या बाटल्या आणि छताला लटकलेला आरशांचा गोळा, अशा जागी.

कॉपी कुठे आणि वेगळेपण कुठे?

कॉपी उघड दिसते. 'एक्झॉर्सिस्ट'ची सुरुवात इराकमधल्या उत्खननात होते, 'ॲबी'ची नायजेरियातल्या गुहेत. तिथे वयस्कर अभ्यासू पाद्री, इथे वयस्कर अभ्यासू बिशप. दोन्हीकडे घोगरा आवाज, शिव्या, अचाट ताकद आणि हात टेकलेले डॉक्टर. दिग्दर्शक विल्यम गर्डलर याने आपण 'एक्झॉर्सिस्ट'च्या लाटेवर स्वार व्हायला निघालो होतो हे कधी लपवलंही नाही. लुईव्हिलचा हा गोरा तरुण तेव्हा पंचविशी ओलांडलेला होता आणि त्याचा धंदाच तो होता. 'जॉज' गाजल्यावर त्याने शार्कच्या जागी अस्वल घालून १९७६ मध्ये 'ग्रिझली' काढला. सहा वर्षांत नऊ सिनेमे करून १९७८ मध्ये फिलिपिन्समध्ये हेलिकॉप्टर अपघातात तो गेला. तेव्हा तो फक्त ३० वर्षांचा होता.

वेगळेपण मात्र जरा नीट बघितल्यावर कळतं.

मराठीत आपण 'अंगात येणं' आणि 'झपाटणं' असे दोन वेगळे शब्दप्रयोग करतो. देवीचा संचार झालेली बाई आणि भुताने धरलेली बाई, बाहेरून दोघींचं घुमणं सारखंच दिसू शकतं, पण लोक त्यांच्याकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतात. 'ॲबी' ज्या समाजात घडतो तिथेही हे दोन्ही आहे. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये गाणं-बजावणं टिपेला पोहोचलं की माणसं थरथरू लागतात, ओरडतात, नाचतात. पवित्र आत्म्याचा संचार झाला असं ती मानतात. ही त्यांच्यासाठी आनंदाची, अभिमानाची गोष्ट असते.

'एक्झॉर्सिस्ट'मधल्या घरात हे काहीच नाही. ती आई धार्मिकही नाही. तिथे सैतान हा पूर्णपणे परका पाहुणा आहे. ॲबीच्या घरात मात्र अंगात येण्याची सवय आधीपासून आहे. अभिनेत्री कॅरल स्पीड सिनेमात स्वतः गाते आणि तिच्या त्याच गळ्यातून पुढे दुसराच आवाज येतो. हा राक्षसी आवाज बॉब होल्ट या कलाकाराचा होता. त्यामुळे घरच्यांचा प्रश्नच बदलतो. हिच्या अंगात काही आलंय का, असं ते विचारत बसत नाहीत. जे आलंय ते नक्की कोण आहे, हे त्यांना शोधायचं आहे.

दुसरा फरक वयाचा. तिथे झपाटलेली अल्लड मुलगी आहे, इथे लग्न झालेली, पाद्रीणबाई म्हणून सतत मर्यादेत राहावं लागणारी स्त्री. तिच्या तोंडून जे बाहेर पडतं ते बरंचसं शरीरसुखाबद्दल आहे. आता याचे दोन अर्थ निघतात. एक असा की चारचौघांत दाबून ठेवलेलं सगळं या निमित्ताने बाहेर येतं. दुसरा असा की कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे वासनेने पेटलेली, हा जुना वर्णद्वेषी समज सिनेमा खुशाल विकतो. दोन्ही अर्थ सिनेमात आहेत आणि त्यातला एक पुसून टाकता येत नाही.

एशू: देव की सैतान?

सिनेमातली सर्वात खटकणारी गोष्ट हीच. 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये ज्याचा पुतळा दिसतो तो पाझुझू हा प्राचीन मेसोपोटेमियातला राक्षस आहे. त्याची पूजा करणारा समाज आज उरलेला नाही. एशूचं तसं नाही.

नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमध्ये राहणाऱ्या योरुबा लोकांच्या धर्मात एशू हे महत्त्वाचं दैवत आहे. माणसं आणि देव यांच्यात निरोप नेणारा, चव्हाट्यावर राहणारा, माणसांची परीक्षा पाहणारा आणि खोड्या काढणारा. नैवेद्य देवांपर्यंत पोहोचवायचा तर आधी एशूला मान द्यावा लागतो. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या लोकांबरोबर तो अटलांटिकपार गेला. आज ब्राझीलमध्ये तो एशू म्हणून आणि क्युबात एलेग्वा म्हणून पुजला जातो.

मग तो सैतान कसा झाला? १९ व्या शतकात बायबलचं योरुबा भाषेत भाषांतर झालं. या कामात पुढे होते सॅम्युअल अजयी क्राऊदर. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, पुढे सुटका होऊन १८६४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झालेले. 'डेव्हिल' या शब्दासाठी भाषांतरात 'एशू' हाच शब्द वापरला गेला आणि एका दैवताचं नाव लाखो लोकांसाठी सैतानाचं नाव झालं. योरुबा धर्म मानणारी मंडळी आजही 'एशू म्हणजे सैतान नव्हे' असा हॅशटॅग चालवून हे खोडून काढत असतात.

'ॲबी'ने तोच गैरसमज कृष्णवर्णीय अमेरिकन प्रेक्षकांसमोर मोठ्या पडद्यावर मांडला. म्हणजे ज्या देवाने त्यांच्या पूर्वजांसोबत समुद्र ओलांडला, त्यालाच त्यांच्या घरात शिरलेलं भूत बनवलं.

इथे एका नटाने आपलं वजन वापरलं

बिशप गार्नेटची भूमिका करणारे विल्यम मार्शल म्हणजे रंगभूमीवर 'ऑथेल्लो' गाजवलेले नट. धिप्पाड शरीर आणि खर्जातला आवाज. 'ब्लॅक्युला'ही त्यांनीच केला होता आणि तिथेही त्यांनी पटकथेत हात घातला होता. त्यांच्या आग्रहावरून ब्लॅक्युला हा ऐरागैरा भूत न राहता मामुवाल्डे नावाचा आफ्रिकी राजपुत्र झाला. गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी मदत मागायला तो ड्रॅक्युलाकडे जातो आणि त्याचा शाप घेऊन शतकानुशतकं शवपेटीत अडकतो. एका स्वस्त भूतपटाला त्यामुळे दुःखाची बाजू मिळाली.

'ॲबी'ची पटकथाही मार्शलना पसंत नव्हती. योरुबा धर्माबद्दल नीट काहीतरी यावं म्हणून त्यांनी धडपड केली. त्याचा परिणाम शेवटच्या प्रसंगात दिसतो. बिशप आपल्या पाद्रीच्या वेशावर आफ्रिकी वस्त्र चढवतात. ते ख्रिस्ताच्या नावाबरोबर योरुबा परंपरेचाही आधार घेतात. आणि समोरच्या शक्तीला ते थेट सुनावतात की तू एशू नाहीसच, त्याचं नाव लावून फिरणारा कुणीतरी क्षुद्र तोतया आहेस.

या एका गोष्टीने सिनेमाचा सगळा दोष धुऊन निघत नाही. पेटीवर एशूच होता आणि प्रेक्षकांच्या लक्षात तेच राहिलं. तरी पटकथा हातात नसलेल्या एका कृष्णवर्णीय नटाने मिळालेल्या जागेत आपल्या पूर्वजांच्या देवाला जमेल तेवढं वाचवलं, हेही खरं.

कोर्टात काय झालं?

कॉपीराइटचा साधा नियम असा की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. 'माणसाला सैतान झपाटतो' ही कल्पना वॉर्नरची नव्हती, ती हजारो वर्षं जुनी आहे. पण विशिष्ट पात्रं, प्रसंग, त्यांचा क्रम उचलला तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं.

वॉर्नरने 'ॲबी'ची कंपनी एआयपी आणि 'बियाँड द डोअर'ची अमेरिकेतली वितरक कंपनी अशा दोघांनाही कोर्टात खेचलं. 'बियाँड द डोअर'च्या बाबतीत १९७५ मध्ये न्यायालयाने कॉपीराइटच्या मुद्द्यावर सिनेमा थांबवायला नकार दिला. 'ॲबी' मात्र थिएटरांतून उतरला तो उतरलाच.

त्याची किंमत कुणी मोजली? गर्डलर पुढचा सिनेमा करायला मोकळा होता. १९७५ मध्ये त्याने पॅम ग्रिअरला घेऊन 'शीबा, बेबी' काढलाही. पण कॅरल स्पीडसाठी ही आयुष्यातली सर्वात मोठी भूमिका होती आणि तीच लोकांना बघता येईना. सिनेमात आईच्या भूमिकेत हुआनिता मूर होत्या. 'इमिटेशन ऑफ लाइफ' या १९५९ च्या सिनेमासाठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळालं होतं. हे सगळं काम डब्यात गेलं. पुढे डीव्हीडीच्या जमान्यात 'ॲबी' परत आला तो १६ मिलीमीटरच्या एका जुन्या प्रिंटवरून. रंग उडालेले, पडद्यावर ओरखडे. आज इंटरनेटवर जे तुकडे फिरतात त्यांची अवस्थाही बहुतेक अशीच आहे.

झपाटलेले आणखी दोन सिनेमे

'ॲबी' या प्रकारातला एकमेव सिनेमा नाही. आवड असेल तर आणखी दोन नावं लक्षात ठेवा.

'लॉर्ड शँगो', १९७५. इथेही चर्च आणि योरुबा धर्म समोरासमोर आहेत. पण चर्चवाल्यांच्या हातून योरुबा श्रद्धा मानणारा तरुण मरतो आणि दुःखात बुडालेली माणसं त्या जुन्या दैवतांकडे वळतात. 'ॲबी'ने जे उलटं दाखवलं ते हा सिनेमा सुलटं करायला बघतो.

'जे. डी.ज रिव्हेंज', १९७६. न्यू ऑर्लिन्समध्ये टॅक्सी चालवून कायद्याचं शिक्षण घेणारा सरळमार्गी तरुण १९४० च्या दशकात मारल्या गेलेल्या एका गुंडाच्या आत्म्याने झपाटला जातो. तो त्याच्यासारखे कपडे घालू लागतो, बायकांवर हात उगारू लागतो. ग्लिन टर्मनचं काम जबरदस्त आहे. यात सैतान नाही की आफ्रिकी देव नाही. जुन्या पिढीतली हिंसाच पोराच्या मानगुटीवर बसते.

मग ही लाट ओसरली का?

कारणं अनेक आहेत. तेच तेच सूत्र, टीका, घसरलेला दर्जा. पण एक कारण असं आहे की ते वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो.

'द गॉडफादर' आणि 'द एक्झॉर्सिस्ट' या सिनेमांच्या प्रेक्षकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण खूप मोठं आहे, हे हॉलिवूडच्या लक्षात आलं. म्हणजे पडद्यावर त्यांच्यासारखं कुणी नसलं तरी ते तिकीट काढतातच. मग त्यांच्यासाठी वेगळे सिनेमे काढायचे कशाला? दशक संपेपर्यंत ब्लॅक्सप्लॉयटेशन जवळपास संपलं आणि कृष्णवर्णीय कलाकार पुन्हा दुय्यम भूमिकांत गेले. पुढच्या कित्येक भयपटांत तर आधी त्यांनाच मरावं लागायचं, इतकं की तो विनोदाचा विषय झाला.

थोडक्यात, 'एक्झॉर्सिस्ट'ने 'ॲबी'ला कोर्टात नेलं आणि 'एक्झॉर्सिस्ट'च्याच गल्ल्याने 'ॲबी'सारखे सिनेमे बनण्याची गरज संपवली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांचे पैसे चालत होते, त्यांची घरं, चर्च आणि देव मात्र पडद्यावर नको होते.

आज हे का बघायचं?

२०१७ मध्ये जॉर्डन पीलचा 'गेट आऊट' आला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. त्यातही एका शरीरात दुसऱ्याच कुणाचंतरी शिरणं आहे, फक्त शिरणारा सैतान नाही. त्यानंतर लोक मागे वळून जुने सिनेमे शोधू लागले. २०१९ ची 'हॉरर न्वार' ही डॉक्युमेंटरी याच इतिहासावर आहे. ती रॉबिन मीन्स कोलमन यांच्या २०११ च्या पुस्तकावर आधारलेली आहे आणि या विषयात शिरायचं असेल तर सुरुवात तिथून करणं उत्तम.

'ॲबी' बघायला बसाल तर तो महान सिनेमा आहे अशी अपेक्षा ठेवू नका. काही प्रसंग हास्यास्पद आहेत, काही चीड आणणारे. पण बारमधला तो शेवटचा विधी आवर्जून बघा. अंधूक प्रिंट, स्वस्त इफेक्ट्स, वर फिरणारा आरशांचा गोळा आणि त्याखाली उभे विल्यम मार्शल, आपल्या भारदस्त आवाजात सैतानाला सांगतायत की तू आमचा देव नाहीस. हा प्रसंग 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये कुठेही नाही.